दारव्हा तालुक्यातून सूर्याचे रेडिओ स्फोट टिपायचे आहेत: ४५ ते ८५ मेगाहर्ट्झवर तिरप्या रेषा दिसतात, त्या सूर्याच्या आहेत का?

काळीमाती:

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात गावापासून दीडेक किलोमीटरवर वावरात टिनाची एक खोली आहे. तिथे आठवी ते दहावीच्या मुलांसाठी सूर्याचं कमी वारंवारतेवरचं रेडिओ निरीक्षण कायमचं सुरू करायचं आहे. सध्याची मांडणी अशी: ३ मीटर लांबीचा डायपोल (दोन समान दांड्यांचा साधा अँटेना) ४ मीटर उंच बांबूवर, तिथून टीव्हीची आरजी-६ केबल २५ मीटर, पुढे आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला जोडायचा रेडिओ ग्राहक) आणि जुना लॅपटॉप. आरटीएल-पॉवर ही आज्ञावली वापरून ४५ ते ८५ मेगाहर्ट्झची फेरी दर सेकंदाला नोंदवतो आहे.

वर्णपटात दोन गोष्टी ठळक दिसतात. एक, तुटक तुटक ठिपक्यांच्या तिरप्या समांतर रेषा. त्या खालच्या वारंवारतेकडून वरच्या वारंवारतेकडे चढतात, ४० मेगाहर्ट्झ चढायला वीसेक सेकंद घेतात आणि रात्री जास्त दिसतात. दोन, सकाळी नऊनंतर सगळ्याच पट्ट्यातला गोंगाट वाढू लागतो, दुपारी बाराच्या आसपास ५-६ डेसिबल वर जातो आणि चारनंतर उतरतो. दुसरी गोष्ट सूर्याचीच असावी असं वाटतं. पहिल्या रेषा सूर्याच्या टाइप-२ (सावकाश सरकणाऱ्या) किंवा टाइप-३ (झरझर सरकणाऱ्या) स्फोटांच्या आहेत का?

आणखी तीन प्रश्न. अनेक हौशी निरीक्षक २० मेगाहर्ट्झ वापरतात, आपणही तिकडे जावं का? डायपोलऐवजी कोणता अँटेना करावा? आणि सूर्याचं रेडिओ चित्र मिळेल का? खर्च पंचवीस हजारांच्या आत बसवायचा आहे.


तरंगलांबी:

काळीमाती सर, दोन्ही गोष्टी सूर्याच्या नाहीत. त्या कशाच्या आहेत ते वायरमन भाऊ माझ्यापेक्षा नीट सांगतील. मी आधी सूर्याकडून किती येणं अपेक्षित आहे ते मांडतो. तो आकडा हाताशी असला की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

या वारंवारतांवर सूर्याचा डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग दिसत नाही, त्यावरचा कोरोना, म्हणजे सूर्याचं बाहेरचं वातावरण, दिसतो. त्याचं तापमान दहा लाख केल्विन. पण आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाचा, आणि आपला अँटेना आकाशाचा फार मोठा भाग एकदम पाहतो. रेडिओत गोंगाटाची ताकद तापमानात, केल्विनमध्ये सांगतात. ६ डीबीआय गेनच्या (सगळीकडे सारखं पाहणाऱ्या अँटेनाच्या चौपट) अँटेनाला ५० मेगाहर्ट्झवर शांत सूर्य फक्त २५ केल्विनच्या आसपास देतो. त्याच वेळी आकाशगंगेचा गोंगाट ५००० केल्विनच्या घरात असतो. म्हणजे अर्धा टक्का, ०.०२ डेसिबल. तुमच्या ८ बिटच्या डोंगलला ही वाढ दिसणं अशक्य. त्यामुळे रोज ठरलेल्या वेळी ५-६ डेसिबल वाढणारी गोष्ट शांत सूर्य असूच शकत नाही.

स्फोटांचं गणित वेगळं आहे. ५० मेगाहर्ट्झवर शांत सूर्याचा फ्लक्स साधारण ०.६ सौर फ्लक्स एकक असतो, एक एकक म्हणजे १०,००० जान्स्की. स्फोट १०० एककांचा असेल तर तोच अँटेना ४२०० केल्विन जास्त दाखवतो, म्हणजे अडीच डेसिबलहून थोडं अधिक. १००० एककांचा असेल तर जवळजवळ १० डेसिबल. म्हणून एका साध्या अँटेनानं शांत सूर्य नाही, पण स्फोट निश्चित टिपता येतात. शाळेसाठी हेच उद्दिष्ट धरा.

२० मेगाहर्ट्झवर जाऊ नका. विदर्भ विषुववृत्तीय आयनीभवनाच्या उत्तरेकडच्या शिखराच्या आसपास येतो. सूर्य सक्रिय असताना दुपारी आयनोस्फियरचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) एफ-२ थर इथे इतका दाट होतो की २० ते २८ मेगाहर्ट्झवर दूरदेशीची शॉर्टवेव्ह स्टेशनं आणि सीबी रेडिओवर गप्पा मारणारे लोक परावर्तित होऊन भरून येतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्याच लहरी त्या थरातून नीट आत येत नाहीत. २०.१ मेगाहर्ट्झ ही निवड बरीचशी गुरू ग्रहासाठी आहे, त्याचे स्फोट ४० मेगाहर्ट्झच्या खालीच मिळतात. तुमचा ४५ ते ८५ चा पट्टा उत्तम आहे. बँड-१ वरचं दूरदर्शनचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाल्यानं ४७ ते ६८ चा भाग मोकळा मिळतो. ७५ वर विमानांना वाट दाखवणारे मार्कर संकेत आणि ८८ पासून एफएम, हे दोन टाळायचे.

चित्र मात्र एका अँटेनानं मिळणार नाही. ६० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ५ मीटर. अर्ध्या अंशाचा सूर्य ठिपक्यापेक्षा मोठा दिसायलाच दोन अँटेनांत ५७० मीटर अंतर लागतं, आणि चित्रासाठी तशा कितीतरी जोड्या. कर्नाटकातल्या गौरीबिदनूरचा रेडिओहेलिओग्राफ म्हणूनच किलोमीटरभर पसरलेला आहे. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला १.८ मीटरच्या ३२ तबकड्या मांडून सूर्य पाहिला, पण तो ६१० मेगाहर्ट्झवर, जिथे तरंगलांबी अर्ध्या मीटरची आहे. तुम्हाला मिळेल तो गतिक वर्णपट: आडवी वेळ, उभी वारंवारता, रंगात तीव्रता. स्फोटाचं भौतिकशास्त्र त्यातच सापडतं.


वऱ्हाडी वायरमन:

तिरप्या रेषा म्हणजे झटका मशीन. रोही आणि रानडुकरांसाठी धुऱ्यावर तार ओढून लावतात तेच. रात्री जास्त दिसतात याचं कारण बहुतेक कास्तकार मशीन संध्याकाळी चालू करतात.

आता ठिपके तिरपे का दिसतात ते बघा. मशीन साधारण सेकंदाला एक झटका सोडते आणि तो मिलिसेकंदापेक्षाही छोटा असतो. तुमचा डोंगल एका वेळी २.४ मेगाहर्ट्झचीच खिडकी पाहतो, ४० मेगाहर्ट्झसाठी सतरा उड्या मारतो. झटका बसतो त्या क्षणी खिडकी जिथे असेल तिथेच ठिपका उमटतो. फेरी १ सेकंदाची आणि झटके १.०५ सेकंदाला असतील तर प्रत्येक पुढचा ठिपका २ मेगाहर्ट्झ वर सरकतो, आणि २१ सेकंदांत सगळा पट्टा चढून जातो. तुमचा वीस सेकंदांचा आकडा याच्याशी जुळतो. मशीन सेकंदापेक्षा किंचित जलद असेल तर हीच रेषा उतरती दिसते, आणि सूर्याचे स्फोटही उतरतेच असल्यानं ती टाइप-२ समजून फसायला होतं.

खात्री करायची तर फेरी बंद करा. एकाच जागी, समजा ५० मेगाहर्ट्झवर, धबधबा चित्र (वॉटरफॉल, वेळेनुसार सरकत जाणारा वर्णपट) लावा. झटका असेल तर ठरावीक अंतरानं पूर्ण रुंदीची बारीक रेघ येईल. सूर्याचा टाइप-३ स्फोट या वारंवारतेवर काही सेकंद टिकतो आणि त्याला ताल नसतो.

मशीन बंद करा म्हणणं बरोबर नाही, पीक वाचवायचं असतं. पण मशीनचा आवाज मुळात तारेवर ठिणगी उडते तिथून येतो: तारेला टेकलेलं गवत, पऱ्हाटीची फांदी, तडा गेलेला इन्सुलेटर, गंजलेली गाठ. रात्री तारेच्या कडेनं चाललं की निळी ठिणगी दिसते आणि टक टक ऐकू येते. फक्त तारेला हात लावू नका. मशीन बंद करवून त्या जागा साफ करून घ्या. मालकाचाही फायदाच आहे, झटका शेवटपर्यंत पोचतो.

दुपारचा फुगवटा बहुतेक सौर पंपाच्या कंट्रोलरचा. ऊन वाढलं की कंट्रोलर जास्त वीज ओढतो, म्हणून गोंगाट अगदी सूर्यासारखा चढतो-उतरतो. ओळखायची खूण सोपी: ढग आला की गोंगाट दोन-तीन सेकंदांत पडतो. रेडिओ लहरींना ढग अडवत नाहीत, त्यामुळे ढगाबरोबर पडणारी गोष्ट सूर्याची नाही. पंपाचा मालक शेजारीच असेल तर पाच मिनिटं स्विच बंद करायला सांगा, लगेच कळेल.

डीपी आणि ११ केव्हीची लाइनही तपासा. सैल क्लॅम्प किंवा धुळीनं माखलेल्या पिन इन्सुलेटरवरचा डिस्चार्ज सेकंदाला १०० वेळा येतो, कारण ५० हर्ट्झच्या प्रत्येक अर्ध्या लहरीला तो पेटतो. उन्हाळ्यात तो वाढतो, पहिला चांगला पाऊस पडला की बराच थांबतो. शेतीच्या फीडरला थ्री फेज कधी असते त्याचं वेळापत्रक भिंतीवर लावा आणि नोंदीशी ताडून पाहा.

तुमच्या खोलीतला शत्रू वेगळा. लॅपटॉपचा चार्जर, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर. यांचा गोंगाट हवेतून कमी आणि केबलच्या बाहेरच्या कवचावरून अँटेनापर्यंत जास्त जातो. त्यासाठी अँटेनाच्या टोकाशी केबलचे ५-६ वेढे मोठ्या फेराइट रिंगमधून घ्या, मिक्स ३१ किंवा ४३ या प्रकारच्या फेराइटची. तशीच एक रिंग खोलीत शिरताना. लॅपटॉप निरीक्षणाच्या वेळी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालेल असं बघा, पण स्वस्तातला डीसी कन्व्हर्टर लावला तर पहिले पाढे पंचावन्न.


अँटेनावाला:

तुमचा ३ मीटरचा डायपोल ४७-४८ मेगाहर्ट्झला बसतो, ८० ला त्याची जुळणी पार बिघडते. लॉग-पिरिऑडिक करा, म्हणजे लहान लहान होत जाणाऱ्या डायपोलांची रांग. ४५ ते ८५ साठी आठ घटक पुरतात. गुणोत्तर ०.८८ धरलं तर पूर्ण लांब्या मीटरमध्ये अशा: ३.३३, २.९३, २.५८, २.२७, २.००, १.७६, १.५५, १.३६. दोन घटकांमधली अंतरं मोठ्या टोकाकडून: ८०, ७०, ६२, ५४.५, ४८, ४२, ३७ सेंटिमीटर. बूम, म्हणजे घटक धरणारा दांडा, ४ मीटरच्या आत बसतो, गेन ६ ते ७ डीबीआय.

बूम दोन लागतात, २५ मिलिमीटर चौकोनी ॲल्युमिनियम पाइपचे, एकमेकांना समांतर. मध्यापासून मध्यापर्यंत ४० मिलिमीटर, म्हणजे मधली फट १५. फट राखायला नायलॉन किंवा ॲक्रिलिकचे तुकडे, लाकूड नको, पावसाळ्यात पाणी पितं. प्रत्येक घटकाचा एक अर्धा भाग एका बूमवर, दुसरा अर्धा दुसऱ्या बूमवर. पुढच्या घटकाला बाजू उलटते. ही अदलाबदल सर्वांत जास्त चुकते: सगळे डावे भाग एकाच बूमवर गेले तर अँटेना उलट्या दिशेला, म्हणजे जमिनीकडे पाहू लागतो. आधी खडूनं जमिनीवर आखून घ्या.

केबल मोठ्या टोकाकडून एका बूमच्या पोकळीतून घालून लहान टोकाला काढा. जाळी त्याच बूमला, मधली तार समोरच्या बूमला. मोठ्या टोकाला दोन्ही बूम पट्टीनं जोडून टाका, त्यानं स्थिर विद्युत जमिनीत उतरते. सांधा ॲल्युमिनियम आणि तांब्याचा थेट नको, वर्षभरात पांढरी भुकटी होते. मध्ये स्टेनलेस वॉशर आणि वरून रबरी सीलिंग टेप.

अँटेना फिरवायची गरज नाही. लहान टोक वर, बूम उभा, तोंड थेट डोक्यावर. घटक उत्तर-दक्षिण ठेवा. त्यानं अँटेनाची रुंद बाजू पूर्व-पश्चिम येते आणि सकाळी आठ-साडेआठपासून दुपारी चारपर्यंत सूर्य पदरात राहतो. मेच्या उत्तरार्धात, शून्य सावलीच्या दिवसांत, सूर्य डोक्यावरूनच जातो. डिसेंबरात तो दुपारीही ४६ अंशांवरच असतो, तेव्हा खांब दक्षिणेकडे १५-२० अंश कलवला तर चांगलं. तुमच्याकडे सूर्य मध्यान्ही येतो तो सरासरी १२:१९ ला. फेब्रुवारीत १२:३३, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:०३.

सर्वांत खालचा घटक जमिनीपासून किमान दीड मीटर वर. काळ्या मातीत खांब उन्हाळ्यात भेगांमुळे कलतो, म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. खालचे चार घटक १६ मिलिमीटर नळीचे घ्या, १२ च्या नळीला वानर लटकलं की ती वाकलीच. खांबाच्या बुडाशी बाभळीच्या काट्या बांधल्या तरी बराच बंदोबस्त होतो. जमिनीतून जाणारी केबल पीव्हीसी पाइपातून न्या, उंदीर फोमची केबल सोडत नाहीत.

डोंगलच्या आधी एफएम अडवणारं फिल्टर हवंच. एफएमचा जोर आत शिरला की ४५ ते ८५ मध्ये नसलेली स्टेशनं उमटतात. तयार फिल्टर मिळालं नाही तर टी-जोडावर आरजी-६ चा ६३ सेंटिमीटरचा तुकडा, दुसरं टोक मोकळं. तो ९८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा जोर बराच कमी करतो. खालच्या पट्ट्यातली जुळणी थोडी हलते, ते चालतं. ऑटो गेन बंद ठेवा. तो चालू असेल तर स्फोट आला की गेन खाली जातो आणि स्फोटच पुसला जातो. आणि अँटेनाजवळ १५-२० डेसिबलचा लो-नॉइज ॲम्प्लिफायर (कमी गोंगाटाचा वर्धक) लावून टाका.


तरंगलांबी:

ॲम्प्लिफायरबद्दल माझं मत वेगळं आहे. ६० मेगाहर्ट्झच्या खाली आकाशच इतकं गोंगाटी आहे की डोंगलचा स्वतःचा ६०० केल्विनचा गोंगाट त्यात बुडून जातो. तिथे ॲम्प्लिफायर लावला तर एफएम आणि झटक्यांनी डोंगल आधीच ओसंडतो, मिळत काहीच नाही. ७० च्या वर आकाशाचा गोंगाट १५००-२००० केल्विनपर्यंत येतो, तिथे थोडा फायदा होईल, पण फिल्टर ॲम्प्लिफायरच्या आधी हवं.

आधी ही चाचणी करा. डोंगलला ७५ ओमचं टर्मिनेटर (अँटेनाच्या जागी लावायचा रोधक) लावून ५० मेगाहर्ट्झची पातळी लिहा. मग अँटेना लावून लिहा. डोंगलचा नॉइज फिगर (त्याच्या स्वतःच्या गोंगाटाचं माप) ५ डेसिबल आणि केबलची घट १ डेसिबल धरली तर शांत जागी फरक ७ डेसिबल यायला हवा. ८० मेगाहर्ट्झवर साडेतीनच्या आसपास. फरक २-३ च आला तर केबल किंवा सांध्यात दोष. १५-२० आला तर परिसराचा गोंगाट आकाशावर स्वार झालेला आहे, तेव्हा पैसे अँटेनावर घालण्याआधी जागा बदला. गोंगाटाच्या उगमापासून पाचशे मीटर दूर जाण्यानं जे साधतं ते कुठल्याही ॲम्प्लिफायरनं साधत नाही.

दुसरी चाचणी आकाशगंगेची. रात्रंदिवस नोंद ठेवली की पातळी दोनेक डेसिबल हळूहळू चढते-उतरते आणि तो चढ रोज ४ मिनिटं आधी येतो, महिन्यात २ तास. जूनअखेर तो मध्यरात्री, मार्चअखेर पहाटे, डिसेंबरअखेर चक्क दुपारी, कारण तेव्हा सूर्य धनू राशीत आकाशगंगेच्या केंद्राच्याच दिशेला असतो. हा चढ दिसला की तुमची यंत्रणा आकाश पाहते आहे, गाव नाही.


काळीमाती:

फार उपयोगी माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. झटका मशीनच्या तारेची आणि सौर पंपाची तपासणी आधी करतो, अँटेना त्यानंतरच. आता पुढचं विचारतो: खरा स्फोट मिळाला तर मुलांना त्यावरून नेमकं काय मोजता येईल? आणि तो खरा आहे याची खात्री कुठे करायची?


तरंगलांबी:

वेग मोजता येतो, आणि दहावीच्या गणितात बसतो. लॉगॅरिदमपुरता कॅल्क्युलेटर लागेल.

प्लाझ्मा, म्हणजे कोरोनातला विद्युतभारित वायू, ज्या वारंवारतेला थरथरतो ती घनतेवर ठरते: मेगाहर्ट्झमध्ये वारंवारता म्हणजे ०.००९ गुणिले घन सेंटिमीटरमधल्या इलेक्ट्रॉनसंख्येचं वर्गमूळ. सूर्यापासून वर जाल तशी घनता कमी, म्हणून वारंवारताही कमी. स्फोटाचा उगम सूर्यापासून बाहेर जातो, त्यामुळे वर्णपटात स्फोट वरच्या वारंवारतेकडून खालच्या वारंवारतेकडे सरकतो. न्यूकर्कच्या घनता-प्रारूपात (कोरोनाची घनता अंतरानुसार सांगणाऱ्या सूत्रात) ८० मेगाहर्ट्झ सूर्यकेंद्रापासून १.३२ सौरत्रिज्यांवर येते आणि ४५ मेगाहर्ट्झ १.५६ वर. मधलं अंतर साधारण १ लाख ६५ हजार किलोमीटर. टाइप-३ हे अंतर दोनेक सेकंदांत कापतो: सेकंदाला ८० हजार किलोमीटरच्या वर, प्रकाशाच्या वेगाच्या पाव पटीहून जास्त. ही इलेक्ट्रॉनांची झोत आहे. टाइप-२ ला त्याच अंतराला ३ मिनिटं लागली तर वेग ९२० किलोमीटर प्रतिसेकंद, ही आघातलहर आहे.

इथे एक अडचण आहे. स्फोट मूळ वारंवारतेला आणि तिच्या दुपटीला, दोन्हीकडे उमटतो. तुम्ही पाहिलेली पट्टी दुपटीची असेल तर ८० ते ४५ म्हणजे खरं तर ४० ते २२.५. तेव्हा अंतर २ लाख ५८ हजार किलोमीटर आणि त्याच ३ मिनिटांत वेग १४३५. टाइप-२ मध्ये दोन समांतर पट्ट्या १:२ प्रमाणात दिसल्या तर प्रश्न सुटतो. नाही दिसल्या तर दोन्ही उत्तरं लिहून ठेवायची, एकच निवडायचं नाही.

तुमच्या १ सेकंदाच्या फेरीत टाइप-३ जवळजवळ उभी रेघच दिसेल, उतार मोजता येणार नाही. टाइप-२ चा उतार छान मोजता येईल. टाइप-३ चा उतार हवा असेल तर ई-कॅलिस्टो या जगभरच्या सौर रेडिओ केंद्रांच्या जाळ्यातली नोंद घ्या. तिथला कॅलिस्टो ग्राहक सेकंदाला ४ वेळा २०० वाहिन्या मोजतो, आणि १५-१५ मिनिटांच्या फिट्स (खगोलशास्त्रातल्या नोंदींचा साचा) फायली कुणालाही मोफत उतरवता येतात. भारतात गौरीबिदनूर आणि उटीची केंद्रं त्यात आहेत.

खात्रीही तिथेच होते. तुमचा स्फोट दुसऱ्या केंद्रात त्याच सेकंदाला दिसला पाहिजे. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या रोजच्या घटनायादीत ऑस्ट्रेलियातल्या लर्मंथ केंद्राच्या २५ ते १८० मेगाहर्ट्झच्या नोंदी असतात, आणि आपल्या सकाळ-दुपारचा बराच भाग त्यांच्याही दिवसात येतो. वेळ यूटीसीत असते, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून रोज जुळवा, नाहीतर जुळणारा स्फोटही जुळत नाही. ५० किलोहर्ट्झच्या टप्प्यानं दहा तासांची फाइल २०० एमबीच्या आसपास होते, तेव्हा रोजचं चित्र काढून घ्या आणि मूळ आकडे फक्त स्फोटाच्या दिवसांचे ठेवा.


लूपअँटेना:

आणखी एक जोडप्रयोग सुचवतो. १ मीटर चौकटीवर एनॅमल तारेचे ५०-६० वेढे घेऊन साउंड कार्डला जोडा, नमुने ४८ हजार प्रतिसेकंद. तमिळनाडूतल्या नौदलाच्या कट्टाबोम्मन केंद्राची १८.२ किलोहर्ट्झची पातळी नोंदवा, ते चालू नसेल तर ऑस्ट्रेलियाचं १९.८. सौरज्वाला झाली की क्ष-किरणांनी आयनोस्फियरचा सर्वांत खालचा डी थर दाट होतो आणि ही पातळी दोन-चार मिनिटांत झटकन बदलून अर्ध्या-एक तासात सावकाश मूळ जागी येते. टाइप-३ आणि हा बदल एकाच वेळी आले तर मुलांच्या हातात एका घटनेचे दोन स्वतंत्र पुरावे येतात.


वऱ्हाडी वायरमन:

विजेचं राहिलं. अवकाळीच्या दिवसांत, मार्च ते जून, ढग जमायला लागले की केबल डोंगलमधून नव्हे, खोलीच्या बाहेरूनच सुटली पाहिजे. त्यासाठी भिंतीबाहेर डब्यात एफ-जोड ठेवा आणि त्याच डब्यात गॅस अरेस्टर (विजेचा जोर जमिनीत वळवणारं साधन). अरेस्टरची तार शक्य तेवढी आखूड आणि सरळ, जीआय पाइपच्या अर्थिंगला. पाइप किमान अडीच मीटर खोल. काळी माती एप्रिलमध्ये भेगाळून पाइपापासून सुटते आणि अर्थिंग नावाला उरतं, म्हणून मीठ-कोळशाचा खड्डा करून आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. घराचं आणि अँटेनाचं अर्थिंग जाड तारेनं एकमेकांना जोडा, वेगवेगळं ठेवू नका. मुलांकडून केबल सोडवायची असेल तर ढग डोक्यावर यायच्या आधीच. गडगडाट ऐकू यायला लागल्यावर खांबाजवळ कुणी जायचं नाही, त्या दिवशी डोंगल गेला तरी चालेल.